धान्यबाजारात एकही ठिपका नाही

आक्का दहाच्या गाडीने येणार होती, ती साडेनऊलाच जिन्यात धापा टाकत उभी राहिली.

"आधीची गाडी मिळाली," ती म्हणाली. पण आपण पोचायच्या आत दोघे भाऊ काहीतरी ठरवून मोकळे होतील, या धास्तीनेच ती निघाली असणार, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं.

रविवार असल्याने खाली वजनकाट्यांची कार्यशाळा बंद होती. वरच्या खोलीतलं लांब टेबल सुनेने सकाळीच रिकामं केलं होतं. एरवी त्यावर उघडे पडलेले काटे, स्प्रिंगा आणि पारडी असायची. आज चहाचे कप होते आणि भाऊने आणलेला कागद होता. नदीपलीकडच्या नव्या वसाहतीत दुसरं दुकान घ्यायचं, त्यासाठी ही जुनी जागा गहाण टाकायची. जागा वडिलांच्या मागे तिघा भावंडांच्या नावावर होती, म्हणून तिघांच्या सह्या हव्या होत्या. थोरल्या दादाचा विरोध होता. दोन महिने रोज संध्याकाळी फोन करून भाऊने आक्काला वळवलं होतं, आणि आज दोघं मिळून दादाला बोलून बोलून नमवणार, असाच एकूण बेत होता.

"सही कुठे करायची?" आक्काने बसताबसताच चष्मा काढला.

"आत्या, त्याआधी पाच मिनिटं द्या," सून म्हणाली. "एक नकाशा दाखवायचाय."

ती भाऊची सून. लग्नाआधी पाच वर्षं पार्सलच्या कंपनीत होती. कुठली गाडी कुठल्या रस्त्याने गेली तर वेळ वाचेल, हे ठरवायचं तिचं काम. या घरात आल्यापासून ती कार्यशाळेतली जॉब कार्डं चाळत असे. कुणाचा काटा, काय बिघाड, कोणता पत्ता. गेल्या दोन वर्षांची अकराशे चाळीस कार्डं पाच आठवडे खपून तिने इंटरनेटवरच्या नकाशात भरली होती. सासऱ्यांनी विचारलं तेव्हा "असंच, बघूया काय दिसतं" इतकंच म्हणाली होती. तिला स्वतःलाही त्याहून जास्त माहीत नव्हतं.

तिच्या नवऱ्याने, बारक्याने, लॅपटॉप टीव्हीला जोडला. बारक्या सहा फुटी होता. नाव पाळण्यातलं, ते तसंच राहिलं. भिंतीवरच्या पडद्यावर गाव वरून दिसायला लागलं आणि त्यावर लाल-निळे ठिपके उगवले. लाल म्हणजे जुने पोलादी काटे, निळे म्हणजे इलेक्ट्रॉनिक.

"हे सगळे आपले?" आक्काने चष्मा परत घातला.

"सगळे. एक ठिपका, एक काम."

मग पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. आक्काला आपलं माहेर आकाशातून बघायचं होतं. "ही गच्ची आपली? एवढीशी?" भाऊला बेकरीवाला सापडला. त्याच्या एकाच जागी सात ठिपके एकमेकांवर चढले होते.

"दोन वर्षांत सात वेळा? कसला काटा आहे याचा?"

"काटा चांगलाय, बाबा," बारक्या म्हणाला. "तो दुपारी त्यावर बसून डबा खातो. मी दोनदा पकडलाय."

दादासुद्धा खुर्ची पुढे ओढून बसला. अडुसष्ट वर्षांचा तो माणूस, मोबाईलही फक्त कानाला लावण्यापुरता ओळखणारा, पण सुनेने एक ठिपका दाबला आणि दुकानाचं नाव, तारीख, दुरुस्तीला लागलेला वेळ असं सगळं उघडलं, तेव्हा तो म्हणाला, "दुसरा दाब." आणि मग, "आता तो कोपऱ्यातला."

"काय दिसतं बघा," सून म्हणाली. "बारक्या दिवसातून चार वेळा पूल ओलांडतो. सकाळी पलीकडे, दुपारी अलीकडे, परत पलीकडे. फोन येईल तसं पळायचं. त्याऐवजी एका दिवशी एकच भाग घेतला, तर रोजचा दीड तास वाचतो."

"आणि नवी वसाहत?" भाऊने मुद्द्यावर बोट ठेवलं.

तिने नकाशा नदीपलीकडे सरकवला. इमारती दाट होत्या. ठिपके चार.

"बाबा, तिथे घरं आहेत, दुकानं नाहीत. घरातला काटा बिघडला तर माणूस फेकून देतो, दुरुस्तीला कोण आणतो?"

घरचीच सून समोरच्या बाकावर जाऊन बसावी, तसं भाऊचं झालं होतं. आक्काने त्याच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे, आणि कागद हळूच स्वतःच्या कोपराखाली ओढून घेतला.

*

आक्काला लहानपणापासून खोड होती. भरलेलं ताट दिसलं की रिकामी वाटी आधी दिसायची. तशीच आता ती उठून पडद्यापाशी गेली आणि तिने एका जागी बोट टेकवलं.

"इथे तळं आहे का?"

चारी बाजूंनी ठिपक्यांची गर्दी, आणि मधे हाताच्या पंज्याएवढी जागा कोरी.

"नाही, आत्या. मलाही आधी वाटलं की कार्डं हरवली." सुनेने ती जागा मोठी केली. दुकानांची नावं एकामागून एक उघडत गेली: डाळी, तांदूळ, मसाले, साखर. "धान्यबाजार आहे. मी मोजली, त्र्याऐंशी दुकानं. प्रत्येकाकडे निदान दोन काटे असणार. इथून चालत बारा मिनिटं. आणि आपला एकही ठिपका नाही."

"तो बाजार आपल्याला बोलवत नाही," भाऊ म्हणाला. "तुम्हा दोघांना माहीत नसेल. एकतीस वर्षं झाली."

"का?"

भाऊने आक्काकडे पाहिलं. आक्काने खांद्याने 'सांग' अशी खूण केली.

"माझ्या वडिलांच्या हातून चूक झाली. बाजारातल्या अकरा काट्यांची तपासणी होती. वीस किलोचं जे वजन ठेवून काटा जुळवायचा, तेच कमी भरत होतं. खाली भोकात शिसं ओतलेलं असतं ना, ते पडून गेलं होतं. बाबांना दिसलं नाही. डोळे अधू झाले होते. सगळे काटे गिऱ्हाइकाला कमी देणारे झाले. मग सरकारी तपासणीस आला, अकराही काट्यांना सील लागलं, तीन दिवस दुकानं बंद. बाबा बाजारात उभे राहून म्हणाले, वजन मी तपासलं होतं, चूक माझी."

"मग आम्ही त्यांना घरी बसवलं," आक्का म्हणाली. "मी खास त्यासाठी आले होते. भाऊने त्यांच्या हातातून हत्यारांची पेटी घेतली. दिली बिचाऱ्यांनी. वाद घातला नाही."

सून ऐकत होती. गोष्ट पटण्यासारखी होती. फक्त तिचा शेवट तिला पटेना.

"पण एकतीस वर्षं? दुकानांत आता त्यांची मुलं, नातवंडं बसली असतील. इतका राग कोण जपून ठेवतो? ते दुरुस्तीला बोलवतात तरी कुणाला?"

"असेल कुणीतरी," भाऊ म्हणाला.

"कोण? मी शोधलं. या गावात काटे दुरुस्त करणारे आपण सोडून कुणीच नाही."

तेव्हा दादा उठला. "खाली जरा काम आहे," असं म्हणून तो जिना उतरला. रविवारी कार्यशाळेत कसलं काम, असा प्रश्न आक्काला पडला. पण तिने तो तोंडातच ठेवला.

*

प्रश्न एकदा डोक्यात शिरला की सुनेला चैन पडत नसे. चाकातला खडा शोधावा तशी ती शोधत बसायची. जॉब कार्ड म्हणजे झालेलं काम. न झालेली कामं कुठे असतात? तिने कपाटातून फोनच्या वह्या काढल्या. आलेला प्रत्येक फोन त्यात टिपलेला असे. फोन दादाच्या टेबलावर, म्हणून अक्षरही दादाचंच, सुतासारखं सरळ.

वरच्या खोलीत बहीणभाऊ कागदावरून हळू आवाजात बोलत होते. सून कोपऱ्यात बसून बोटाने पानं उतरत गेली. धान्यबाजार, तांदूळवाले: माणूस नाही. धान्यबाजार, मसाल्याचं दुकान: माणूस नाही. धान्यबाजार, डाळवाले: माणूस नाही. मिळालेल्या पाच वह्यांत असे सेहेचाळीस फोन निघाले. शेवटचा पाच वर्षांपूर्वीचा. दुसऱ्या कुठल्याही भागापुढे ते दोन शब्द नव्हते.

तिने बारक्यालाही काही सांगितलं नाही. वही घेऊन ती खाली गेली.

दादा आपल्या बाकावर बसला होता. पुढ्यात काटा नव्हता, हत्यार नव्हतं. तिने वही त्याच्यासमोर ठेवली, उघडी.

"मोठे काका, बाजार बोलवत होता."

त्याने पानाकडे पाहिलंसुद्धा नाही.

"पाठवायला माणूस नाही, असं तुम्हीच सांगत होतात. मला फक्त का ते कळत नाहीये. रागवायचं असेल तर रागवा."

"रागवू कशाला," दादा म्हणाला. बराच वेळ तो अंगठ्याने बाकाची कड चोळत राहिला. "ते वजन मी नेलं होतं. बाबा त्या आठवड्यात बाजारात गेलेच नव्हते. अकराही काटे मी जुळवले. मी वजन उचललं तेव्हा उलटं करून बघायला हवं होतं. पहिला धडा तोच असतो. घाई होती, नाही बघितलं."

"मग आजोबा का म्हणाले...?"

"माझा दुरुस्तीचा परवाना त्याच महिन्यात मिळायचा होता. माझ्या नावावर ठपका आला असता तर जन्मात मिळाला नसता. त्यांनी मला डोळ्यांनी गप्प केलं आणि पुढे झाले. त्या दिवशी त्यांनी गप्प केलं. पण त्यानंतर मी स्वतःच गप्प राहिलो, त्या बाजारात तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. भाऊ त्यांच्या हातून पेटी घेत होता, तेव्हा मी समोर होतो. पुढे नऊ वर्षं ते खिडकीत बसून होते. मी रोज कामावरून यायचो, ते विचारायचे, आज काय आलं होतं? मी सांगायचो."

सुनेने वही मिटली. ती म्हणाली, "वर त्या दोघांना मी काही सांगणार नाही. वही इथेच ठेवते."

"नको," दादा उठला. "घेऊन चल. तू नकाशावर दाखवलंस, तिथे हे फोनही दाखव. तोंडाने मला जमेलच असं नाही."

*

भाऊने ते कोऱ्या जागेत उगवलेले सेहेचाळीस करडे ठिपके पाहिले, तेव्हा त्याला प्रथम आनंदच झाला. म्हणजे बाजार रागावलेला नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि मग दादा बोलायला लागला. तोंडाने त्याला जमलं.

त्याचं सांगून झालं तेव्हा भाऊच्या डोळ्यांपुढे हत्यारांची पेटी होती. तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. "बाबा, आता पुरे," असं त्याने चांगल्या शब्दांत म्हटलं होतं, असं तो इतकी वर्षं स्वतःला सांगत आला होता. शब्द चांगले नव्हते. "अजून किती जणांचे काटे बिघडवणार?" असं तो म्हणाला होता. बापाने पेटी दिली होती आणि वर "पेचकस गंजू देऊ नकोस" इतकंच सांगितलं होतं.

"तू समोर होतास," भाऊ म्हणाला.

"होतो."

"मी त्यांना काय बोललो ते ऐकलंस."

"ऐकलं."

"आणि माझ्या तोंडावर हात नाही ठेवलास."

दादाने मान खाली घातली. बारक्या उठून भाऊच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

"भाऊ, ओरडू नकोस," आक्का म्हणाली, तरी भाऊचा आवाज चढलेला नव्हता. चढला होता तो तिचाच. "दादा, मी दर महिन्याला यायचे. बाबांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचे. ते मुकाट यायचे. एकदा डॉक्टर म्हणाले, यांचे डोळे वयाच्या मानाने उत्तम आहेत. मी डॉक्टर बदलला." तिने कोपराखालचा कागद काढला, घडी घातली, पिशवीत टाकला. "हा आता राहू दे. पलीकडे चार ठिपके आणि इथे त्र्याऐंशी दुकानं, एवढं मलाही कळतं. पण बाजारात आधी कुणीतरी जायला हवं."

"मी याच्याबरोबर जाणार नाही," भाऊ म्हणाला.

"तुला कोण सांगतंय? दादा जाईल. आणि सूनबाई जाईल, कारण प्रश्न तिला पडलाय."

दुपारच्या गाडीने आक्का निघाली. दादा तिची पिशवी उचलायला पुढे झाला, तर तिने ती दुसऱ्या हातात घेतली.

*

सोमवारी बाजार उघडता उघडता दोघं निघाली. बारा मिनिटांची वाट दादाला मोठी वाटली. एकतीस वर्षं तो हा चौक टाळून पलीकडच्या रस्त्याने जात आला होता. इथली बरीच दुकानं त्याने काल नकाशावरच पहिल्यांदा पाहिली होती. सून मोबाईल हातात धरून पुढे चालत होती आणि मधूनच थांबून दुकानांच्या पाट्या नकाशाशी ताडून बघत होती. तिचं कुतूहल आजही कमी झालेलं नव्हतं.

डाळवाल्याच्या दुकानात आता त्याची मुलगी बसत होती. चाळिशीची, केस करकचून बांधलेले, कानामागे पेन. सुनेने ओळख सांगितली तशी ती हसली.

"तुम्ही होय. तुमच्याकडे माणूस नसतो ना?"

"आता आहे," सून म्हणाली.

"मागच्या वर्षी मी स्वतः निघाले होते काटा घेऊन. मोबाईलवर तुमचं दुकान शोधलं. त्याने मला कुठल्याशा बोळात नेलं, समोर नुसती भिंत. परत आले. आता तीन तासांवरून माणूस येतो. आठवड्याने येतो, तोवर शेजाऱ्याच्या काट्यावर तोलायचं."

सुनेने मोबाईल काढून पाहिलं आणि ओठ चावला. दुकानाची खूण मागच्या बोळात होती. "भिंतीपलीकडे आमचंच दुकान आहे हो," ती म्हणाली, आणि तिथेच उभ्याउभ्या खूण उचलून पुढच्या रस्त्यावर आणली, मोबाईलमधला दाराचा फोटो टाकला. फोन नंबर दादाच्या टेबलावरचा होता. तो खोडून तिने स्वतःचा घातला. दादाने ते पाहिलं.

"आमचे अण्णा तुमच्याबद्दल नेहमी सांगायचे," बाई दादाकडे वळून म्हणाली. "अण्णा आता नाहीत. ते सीलचं प्रकरण झालं ना, तेव्हाचं. म्हणायचे, काटे जुळवायला पोरगा आला होता, हे सगळ्या बाजाराने पाहिलं होतं. म्हातारा त्या आठवड्यात इकडे फिरकलाही नव्हता. आणि तो उभा राहून सांगतो, मी तपासलं. अकरापैकी एकही दुकानदार बोलला नाही. अण्णा म्हणायचे, बाप बोलतोय तिथे आपण कशाला तोंड घालायचं? पुढच्याच महिन्यात सगळ्यांनी तुम्हाला फोन केले होते. तुम्ही आला नाहीत. अण्णांना वाटलं, तुम्हीच रागावलात."

दादाने दुकानाच्या चौकटीला हात टेकवला.

"तो पोरगा मी," तो म्हणाला.

बाईने त्याच्याकडे नीट पाहिलं. मग पोत्यांमागून एक स्टूल ओढून त्याच्यापुढे ठेवलं.

"मग बसा. आमचा मोठा काटा कमी दाखवतोय की जास्त, तेच कळेनासं झालंय."

दुपारपर्यंत तीन दुकानं झाली. चौथ्यात असताना बाहेर भाऊ दिसला. आत आला नाही. दारातूनच त्याने सुनेच्या हाती जास्तीची वजनं असलेली पेटी दिली, "लागतील," म्हणाला आणि गर्दीत निघून गेला. दादाने त्याला हाक मारली नाही. वजनं एकेक करून तपासली आणि कामाला लागला.

साडेतीनला तो बाजाराच्या पायरीवर पाणी पीत बसला असताना सुनेने फोन त्याच्या हातात दिला. आक्काचा होता.

"काय म्हणाले?" तिने विचारलं.

दादाने सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. अकरा दुकानदार, त्यांचे फोन, अण्णांचं बोलणं.

"म्हणजे सगळ्या बाजाराला माहीत होतं," आक्का म्हणाली.

"हो."

"फक्त आम्हालाच नव्हतं."

दादाने फोन कानावरून काढला नाही, आणि तिनेही ठेवला नाही.